फणसाची चौकट आणि अकरा खिडक्या

आमच्या नव्या घराच्या पहिल्या नकाशात चौदा खिडक्या होत्या आणि चौदाच्या चौदा सारख्या. ४ फूट रुंद, साडेचार फूट उंच, जमिनीपासून ३ फुटांवर. आईने नकाशा हातात घेतला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि विचारलं, "मी खाली बसले की यातनं मला काय दिसणार?"

"आकाश छान दिसेल, काकू," आर्किटेक्ट ताई म्हणाल्या.

"आकाश काय बघायचंय? पाखाडीवरनं कोण येतंय ते कळायला नको?"

पाखाडी म्हणजे वाडीतून वर येणारी पायऱ्यांची वाट. मी तेव्हा हसले होते. खिडक्या हा माझ्या दृष्टीने फरशीनंतर आणि रंगाच्या आधी उरकायचा विषय होता. पुढे सात-आठ महिने या घरात दुसरं कशावर इतकं डोकं चाललं नाही.

घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून सरळ रेषेत पाचेक किलोमीटर आत, उतारावरच्या वाडीत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडच्या वाड्या झोडपून गेलं. आमची कौलं गेली, आढं मधोमध मोडलं आणि माजघराची एक भिंत फुगली. त्यानंतर अडीच वर्षं आई पडवीच्या उरलेल्या भागावर पत्रे टाकून राहिली. मी डोंबिवलीत, भाऊ दुबईत. त्याने पैसे घातले, मी रजा घातल्या.

जानेवारी २०२३ मध्ये जुनं घर उतरवलं. चांगल्या तुळया आणि वासे वेगळे काढून ठेवले, त्यातच माजघराच्या खिडकीची चौकटही निघाली. फणसाची, अडीच फूट बाय तीन फूट, चार लाकडी गजांची. शंभर वर्षांच्या धुराने काळी कुळकुळीत झालेली. मार्चअखेर जोतं झालं. मेस्त्री म्हणाले, "आता जोत्याला एक पाऊस खाऊ दे. भराव बसला की दिवाळीनंतर भिंती." मला हा उशीर तेव्हा जिवावर आला. पण सगळ्या खिडक्या मला सुचल्या त्या या रिकाम्या महिन्यांत.

ती चौकट उपयोगात आणायची कल्पना मेस्त्रींच्या हाताखालच्या पोराची. मी जोत्यावर उभी राहून हातांची बोटं जुळवून चौकोन करत होते, फोटो काढताना करतात तसा. तो म्हणाला, "ताई, ती जुनी चौकटच धरू या की." मधले दोन गज सैल होतेच, ते काढले. एका बाजूने त्याने धरली, दुसऱ्या बाजूने मी. पांढऱ्या फक्कीने खोल्या आखलेल्या होत्या. आईच्या खोलीच्या चौकोनात प्लास्टिकची खुर्ची ठेवली, आई तिच्यावर बसली आणि आम्ही दोघं चौकट घेऊन भिंतीच्या रेघेवरून खेकड्यासारखे आडवे सरकू लागलो.

"थांबा. आणखी उजवीकडे. आता नानांची विहीर दिसते. अजून थोडं. तो रातांब्याचा बुंधा मध्ये येतो, मागे या."

नाना म्हणजे आमचे शेजारी. मग चौकट वर-खाली. ३ फुटांवर धरली तेव्हा खुर्चीतल्या आईला समोरच्या डोंगराचा माथा आणि आंब्याचे शेंडे दिसत होते. पाखाडी नाही, अंगण नाही, विहीर नाही. मग आई खुर्चीवरून उतरली आणि फक्कीच्या रेघांमध्ये सरळ मांडी घालून बसली, कारण दिवसातला निम्मा वेळ ती अशीच बसते. तांदूळ निवडायला, आमसुलं पसरायला, वाती वळायला. मी टेपने मोजलं. जमिनीपासून तिचे डोळे २९ इंचांवर होते, म्हणजे ३ फुटांवर सुरू होणाऱ्या खिडकीच्या सात इंच खाली. नकाशातल्या चौदाही खिडक्या उभ्या माणसासाठी होत्या, आणि आमच्या घरात उभं कोण राहतं? स्वयंपाक करणारी बाई आणि नुकताच आलेला पाहुणा.

तेव्हा आठवलं की जुन्या माजघराची खिडकी जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर होती. लहानपणी मला वाटायचं, जुनी माणसं बुटकी असणार. ती बुटकी नव्हती, ती खाली बसायची. कौलांचं छप्पर पुढे इतकं उतरायचं की उभं राहून बघितलं तर पागोळ्याच दिसायच्या. खाली बसलं तरच वळचणीखालून अंगण, वाट आणि माणसांचे पाय दिसत. पायांवरून माणूस ओळखायची आईची कला तिथली.

त्या दुपारी आम्ही चौकट घेऊन दोन तास फिरलो. शेवटी पोरगा म्हणाला, "ताई, हिला चाकं लावा." पण संध्याकाळपर्यंत नकाशातल्या चौदा खिडक्यांपैकी पाचांच्या जागा हलल्या होत्या आणि तीन गळाल्या होत्या. गळालेल्यांतली एक जिन्याखाली होती. तिथून नानांच्या न्हाणीघराची मागची बाजू दिसत होती आणि दोन्ही घरांचं त्यात भलं नव्हतं.

उन्हाचं गणित मला आधी वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. मोबाइलवर घरबांधणीचे जेवढे व्हिडिओ बघितले, त्यातले निम्मे थंड देशांतले. दक्षिणेला मोठी काच, उत्तरेला कमीत कमी. आपल्याकडचे लोक उलटं सांगतात, उत्तरेला मोठी खिडकी ठेवा, तिकडून ऊन कधीच येत नाही. मी जोत्याच्या मधोमध एक बांबू रोवला आणि जेव्हा जाईन तेव्हा सावलीच्या टोकाला खडा ठेवायला लागले. १० मेच्या सुमारास भर दुपारी बांबूची सावली त्याच्याच बुडात गडप झाली. शून्य सावलीचा दिवस शाळेत शिकले होते, पण तो आपल्या खिडकीच्या छज्जाशी जोडलेला असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. आणि मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचला तो नुसता पश्चिमेला नसतो, पश्चिमेच्याही उजवीकडे, उत्तरेकडे सरकलेला असतो. मेच्या मध्यावर मी फक्कीच्या उत्तर रेघेवर पत्रा उभा धरून बघितला. उन्हाची तिरपी पट्टी त्याच्यावरून घासत गेली.

हे मी आर्किटेक्ट ताईंना फोटोसकट पाठवलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण त्यांनी उत्तरेच्या मोठ्या खिडकीला पश्चिमेच्या अंगाला एक उभी पट्टी काढून दिली, भिंतीपासून फूटभर पुढे आलेली. ऊन इतकं तिरपं असतं की त्या एका फुटाची सावली तीन फूट खिडकीवर पडते. दक्षिणेचं मात्र उलट. तिकडचा सूर्य हिवाळ्यातही बऱ्यापैकी उंच. डिसेंबरात दुपारी आपल्याकडे तो साधारण ४९ अंशांवर असतो, त्यामुळे २ फुटांच्या छज्जाखालून खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागात ऊन येतं. मार्च उजाडला की तोच छज्जा दुपारी सगळी खिडकी झाकतो. थंडीत ऊन आत, उन्हाळ्यात बाहेर, आणि त्यासाठी काही हलवावं लागत नाही. दक्षिणेच्या खिडकीइतकी गुणी खिडकी नाही. नेमकी तिच्यावरच गावात सगळ्यांची नाराजी, कारण दक्षिण म्हणजे यमाची दिशा. मामांनी फोनवर सांगितलं की खिडक्यांची एकूण संख्याही सम असावी. आमच्या अकरा झाल्या. आईने तोडगा काढला: न्हाणीघराचा झरोका धरला की बारा. मामा गप्प बसले.

पश्चिमेला छज्जा काही कामाचा नाही, हे बांबूनेच शिकवलं. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य २७ अंशांवर, म्हणजे २ फुटांचा छज्जा जेमतेम वरचा फूटभर सावलीत ठेवणार आणि उरलेली खिडकी तापणार. इथे भाऊ आणि मी भांडलो. त्याला पश्चिमेच्या भिंतीत ८ फुटांची अखंड काच हवी होती, सूर्यास्तासाठी. दुबईहून रोज एक फोटो यायचा. मी त्याला विचारलं, तिथे ती काच ज्या खोलीत आहे तिथे एसी बंद करून बसतोस का? शिवाय आमच्या जोत्यावरून समुद्र दिसतच नाही. सूर्य पलीकडच्या सड्यामागे, म्हणजे कातळाच्या पठारामागे बुडतो आणि शेवटची वीस मिनिटं तर नुसती नारळांच्या झावळ्यांत जातात.

भांडण मिटलं ते पावसाने. जोत्यावर सामानासाठी पत्र्याची खोप उभी केली होती. उरलेल्या सात गोणी सिमेंट आम्ही तिच्यात प्लास्टिकखाली ठेवलं, मेस्त्री नको म्हणत असताना. ऑगस्टमध्ये गेले तर नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातल्या चार गोणींचे धोंडे झालेले आणि पूर्वेच्या तीन जशाच्या तशा कोरड्या. आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण तो वरून पडतो तोपर्यंत कौलं बघून घेतात. आडवा येतो तो खिडक्यांनी बघायचा असतो, आणि झड येते ती पश्चिम-नैर्ऋत्येकडूनच. मी धोंडा झालेल्या गोणीचा फोटो भावाला पाठवला. खाली लिहिलं, तुझी काच इथे येणार होती.

मग पश्चिमेला पूर्वी होती तशीच ७ फूट रुंद पडवी ठरली, पुढे उतरती. ओटीच्या दोन खिडक्या पडवीत उघडणाऱ्या. संध्याकाळचं ऊन पडवीत अडतं, झडही पडवीतच थांबते. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर पडवीला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे, आता हिरवी जाळी बांधतो. खिडकी तीन महिने उघडी ठेवता येते हे केवढं सुख आहे, ते कोकणातल्या बुरशीला विचारा.

वाऱ्यासाठी मी उदबत्ती वापरली. यात शास्त्र वगैरे काही नाही. उन्हाळ्यात दुपारी बारा-साडेबारानंतर खारा वारा पश्चिमेकडून सुरू होतो आणि रात्री उशिरा डोंगराकडून, पूर्वेकडून मंद झुळूक येते. खोलीला एकच मोठी खिडकी असली तर वारा दाराशी येऊन पाहुण्यासारखा घुटमळतो, बाहेर जायला वाट असेल तरच आत शिरतो. आर्किटेक्ट ताईंनी राष्ट्रीय इमारत संहितेचा आकडा सांगितला होता: दमट उष्ण हवेत खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या एक षष्ठांश तरी हवं. १० बाय १२ च्या खोलीला २० चौरस फूट. तेवढं आम्ही ठेवलं, पण एका भिंतीत न ठेवता समोरासमोर किंवा काटकोनात वाटून. आईच्या खोलीला पश्चिमेच्या पडवीकडे एक आणि पूर्वेला एक, असं कागदावर ठरलं.

ती पूर्वेची खिडकी मात्र अडली.

त्या बाजूला हद्द, हद्दीपलीकडे नानांचा गोठा आणि गोठ्याला वळसा घालून वर येणारी पाखाडी. हद्दीपासून सोडायचं अंतर आम्ही सोडलं होतं, तरी नाना एका सकाळी येऊन जोत्याच्या कडेला उकिडवे बसले. "गो, या अंगाला खिडकी नको काढूस."

"का नाना? तुमच्या गोठ्यात बघायला कोण बसलंय?"

"बघायचं काय नाय. वीस वर्षांनी तुझा हक्क लागतो. उद्या माझ्या पोराने गोठ्याच्या जागी माडी बांधली तर म्हणशील, माझा उजेड अडला."

मला वाटलं, म्हातारा काहीतरी ऐकीव सांगतोय. घरी येऊन बघितलं तर खरंच. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे, त्याच्या १५ व्या कलमात बिनतक्रार २० वर्षं उपभोगलेल्या उजेड-वाऱ्यावर घराचा हक्क लागतो. नानांनी आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, ते उगाच नाही.

खरं सांगायचं तर नानांची हरकत मला सोयीची पडली. गोठ्याचा वास आणि गोमाश्या मला आईच्या उशाशी नकोच होत्या. आई म्हणत होती, "मला वास यायचा बंद झालाय कधीच, मला पाखाडी दिसू दे." पण मी नानांची ढाल केली. त्या भिंतीला खिडकी नाही, तिच्याऐवजी दक्षिणेला काढू, असं ठरवून टाकलं.

मेस्त्रींनी यात एक पळवाट ठेवली. भिंती चढल्या तेव्हा त्या जागी त्यांनी लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई टाकली, दोन्ही अंगांचे चिरे सरळ उभ्या सांध्यात ठेवले आणि मधली जागा चिरे नुसते रचून, मातीत बसवून भरली. वरून गिलावा केला की बाहेरून काही कळत नाही. "उद्या मन बदललं तर सगळी भिंत फोडायला नको," म्हणाले. मी म्हटलं, बदलणार नाही. ते काही बोलले नाहीत, तंबाखू मळत राहिले.

दिवाळी २०२३ नंतर काम सुरू झालं आणि मला कळलं की खिडकीची उंची टेप ठरवत नाही, चिरा ठरवतो. आमचा जांभा चिरा सात इंच उंचीचा, सांधा धरून पावणेआठ. म्हणजे खिडकीचा खालचा काठ येणार तो दोन थरांवर साडेपंधरा इंच, तीन थरांवर सव्वातेवीस, चारांवर एकतीस. नकाशातले ३ फूट कुठल्याच थरावर येत नव्हते. चिरा तासायचा किंवा काँक्रीटची पट्टी ओतायची, दोन्हीला मेस्त्रींची नाखुशी. आईच्या खोलीला तीन थर घेतले. मांडी घालून बसली तरी डोळे काठाच्या वर सहा इंच. कॉटवर उशीला टेकून पडली तरी अंगण दिसतं.

इतकी खाली खिडकी म्हटल्यावर सुताराने विचारलं, "आणि जनावर आलं म्हणजे?" आमच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत. उंदरांमागे धामण येते हे खरंच. म्हणून खालच्या फूटभराला बारीक छिद्रांची स्टीलची जाळी आतून पक्की, आणि वर उघडणाऱ्या झडपा. वानरांसाठी बाहेरून १२ मिलिमीटर सळीचं ग्रिल, सळ्यांमध्ये चारच इंच. साडेपाच इंच ठेवले तर पिल्लू आत येतं आणि आतून केळी पुरवतं, हे शेजारच्या वाडीतल्या एका घराने अनुभवाने सांगितलं.

झडपांवरून एक गोष्ट सांगतेच, कारण मला ती कुणी वेळेवर सांगितली नाही. सरकत्या खिडक्या दिसायला छान, भाव बरा. पण दोन पट्ट्यांची सरकती खिडकी उघडते निम्मीच. ६ फुटांचे पैसे, ३ फुटांचा वारा. त्यातही डासांची जाळी लावली की झुळूक आणखी गाळून येते. ओटीवर मी सरकती घेतली आणि अजून चुटपुट आहे. बाकी सगळीकडे बिजागरीच्या झडपा, पूर्ण उघडणाऱ्या.

आणि स्वयंपाकघराची खिडकी. ही माझी स्वतःची, हट्टाने मागितलेली. भांडी घासताना समोर काहीतरी हिरवं दिसावं, म्हणून मोरीच्या बरोबर वर, ओट्यापासून सहा इंचांवर. चौकट धरून बघितली, ऊन बघितलं, सगळं बघितलं. काम संपत आलं तेव्हा नळवाल्याने हंसाच्या मानेसारखा उंच नळ बसवला आणि सुतार झडप बसवायला आला. बाहेर ग्रिल, म्हणून झडपा आत उघडणाऱ्या. डावी झडप चार बोटं उघडून नळाच्या मानेवर टण्णकन आपटली. सुताराने माझ्याकडे बघितलं, मी नळाकडे बघितलं. पुन्हा उघडली, पुन्हा टण्ण. शेवटी नळ काढून भिंतीतला आखूड बसवला. आता कुकर धुताना तो नळाखाली आडवा करावा लागतो. या घराच्या ज्या खिडकीवर मी सगळ्यात जास्त बोलले, तिच्याखाली मी रोज कुकर तिरका धरते.

त्या खिडकीचा दुसरा गुण जानेवारीत कळला. समोरची हिरवी बाग दुसऱ्याची, कलमांची. मोहर आला की तुडतुड्यावर फवारणी होते आणि वारा आमच्याकडे. आता बागेतला पंप सुरू झालेला ऐकू आला की आई हातातलं टाकून आधी ती खिडकी लावते, मग पाण्याची भांडी झाकते.

बाकीच्या खिडक्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. न्हाणीघराचा झरोका काचपट्ट्यांचा होता, वानरांनी पहिल्याच महिन्यात दोन पट्ट्या पळवल्या. सिलला, म्हणजे खिडकीच्या खालच्या काठाला कडाप्पा बसवला, तो बाहेरच्या बाजूला थोडा उतरता आणि भिंतीच्या पुढे इंच-दीड इंच, खालून एक खाच पाडून, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळत न जाता टपकतं. एका खिडकीला खाच पाडायची राहिली. पहिल्या पावसाळ्यानंतर ती कुठली, हे बाहेरच्या भिंतीवरची काळी मिशी बघून कुणीही सांगेल.

एप्रिल २०२४ मध्ये राहायला गेलो. सप्टेंबरमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने ती खोलीत अडकली. दक्षिणेच्या खिडकीतून तिला तुळस आणि अंगणाचा कोपरा दिसायचा. पश्चिमेला पडवी आणि पडवीत वाळत घातलेले कपडे. तक्रार करायची नाही, पण पाखाडीवर कुणाची चाहूल लागली की भिंतीकडे तोंड करून विचारायची, "कोण गेलं गो?" मी बाहेर जाऊन बघून यायचे. दिवसातून दहादा. दहाव्या वेळी मी मेस्त्रींना फोन लावला.

आधी नानांकडे गेले. नाना म्हणाले, "काढ. वहिनीला दिसू दे. पण लिहून दे." आणि त्यांचं बरोबर होतं. परवानगीने घेतलेला उजेड आहे, हक्काने नाही, असं लेखी असलं तर २० वर्षांनीही हक्क लागत नाही, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. मी वहीच्या कागदावर लिहिलं, खाली आईने आणि मी सही केली. नानांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी केली आणि कोपरीच्या खिशात ठेवली.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मेस्त्री आले. गिलाव्यावर ओळंबा धरून दोन रेघा मारल्या, छिन्नीने तेवढाच गिलावा उडवला आणि आतले चिरे एकेक करून हाताने उचलून काढले. मातीतच होते, अर्ध्या तासात भगदाड पडलं. जुनी फणसाची चौकट घासून, तेल पाजून तयार ठेवली होती, गज बदलून. ती त्या जागेत बसली, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडून. मापाला एवढी चपखल कशी, मी मेस्त्रींना विचारलं. "त्या वेळीच मोजून ठेवली होती," म्हणाले.

आईने कॉटवरून मान वळवली. समोर नानांच्या म्हशीचं ढुंगण होतं, आणि तिच्यापलीकडे पाखाडीच्या खालच्या सात-आठ पायऱ्या.

"हिला जरा पलीकडे बांधायला सांग नानांना," आई म्हणाली. "आणि मेस्त्रींना चहा टाक."